'आपल्याकडे नाही' म्हणण्यापूर्वी

१ डिसेंबर जवळ आला की शाळाशाळांतून जागतिक एड्स दिनाची फेरी निघते. लाल फिती, चार घोषणा, दोन भाषणे, आणि मुले आपापल्या घरी. आम्ही दोघांनी मिळून आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत जवळजवळ तीस वर्षे शिकवले. अशा फेऱ्या आम्हीही पुष्कळ काढल्या. या अंकासाठी आरोग्याच्या विषयावर काही लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा मात्र आमच्या डोळ्यांपुढे फेरी आली नाही. दोन मुली आल्या. एक मद्रासच्या मराठी घरात वाढलेली, जिला आम्ही कधी पाहिले नाही. दुसरी आमच्याच वर्गात बसणारी. या दोघींच्या मध्ये चेन्नई, पुणे आणि अमेरिकेतील एक विद्यापीठ यांनी मिळून केलेले अनेक वर्षांचे संशोधन आहे. त्या संशोधनाची माहिती आपल्या वाचकांना सोप्या भाषेत द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आपण आदिलाबादचे मराठी लोक. आपल्यापैकी पुष्कळजण कुठून येऊन इथे वसलेले नाहीत. सीमाच इकडची तिकडे झाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपल्या जिल्ह्यातला किनवट तालुका मुंबई राज्यात गेला आणि आपण आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४ पासून आपण तेलंगणाचे झालो. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर बोली तीच, सोयरीक तीच. म्हणूनच असेल, महाराष्ट्राबाहेर राहून ज्यांनी मोठे काम केले अशा मराठी माणसांविषयी वाचले की आपल्याला ते घरचे वाटतात. मद्रासचे गायतोंडे कुटुंब त्यांपैकीच. चामड्याच्या व्यापारात असलेल्या या घरातली मुलगी सुनीती. दरवर्षी लस टोचायला आरोग्य अधिकारी घरी येत, त्यांना पाहून आपल्याला डॉक्टर व्हावेसे वाटले, असे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले होते. आपल्याकडे लस टोचायला नर्सबाई आल्या की निम्मी पोरे पऱ्हाटीत पळून जातात!

सुनीती गायतोंडे मद्रास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. हृदयावर शस्त्रक्रिया करणारे डॉ. व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असे देश पाहून १९७३ मध्ये दोघे मद्रासला परतले आणि पुढे सुनीतीबाई आपल्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

१९८१ मध्ये अमेरिकेत एका नव्या रोगाची नोंद झाली. त्याला पुढे एड्स हे नाव मिळाले. तो ज्या विषाणूमुळे होतो तो एचआयव्ही. आपल्याकडे तेव्हा सर्वांचे मत एकच होते, की हा परदेशातल्या लोकांचा रोग, आपल्या देशात तो नाही. आपली कुटुंबव्यवस्था, आपले संस्कार, असे सारे त्यासाठी सांगितले जाई. पण कोणी तपासून पाहिले होते का? डॉ. सुनीती सॉलोमन यांची एक विद्यार्थिनी होती, डॉ. सेल्लप्पन निर्मला. तिला प्रबंधासाठी विषय हवा होता. बाईंनी तिला हाच विषय दिला. त्या दिवसांत हे सोपे नव्हते. निर्मला लहान गावातून आलेल्या, संसारी बाई. कुठे जायचे, कोणाला भेटायचे, हेही त्यांना ठाऊक नव्हते. मद्रासच्या सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने त्यांनी गोळा केले. पती स्कूटरवरून सोडायला जात. नमुने ठेवायला वेगळी सोय नव्हती, म्हणून ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. मद्रासमध्ये तपासणीची व्यवस्था नसल्याने फेब्रुवारी १९८६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. तपासणीत सहा नमुने पिवळे झाले. पिवळा रंग म्हणजे विषाणूच्या खुणा सापडल्या. सर्वांना वाटले, काहीतरी चुकले असेल. पुन्हा रक्त घेतले, पुन्हा तपासले, मग खात्रीसाठी नमुने अमेरिकेला पाठवले. तिथूनही तेच उत्तर आले. त्याच वर्षी मे महिन्यात ही बातमी तमिळनाडूच्या विधानसभेत सांगण्यात आली. भारतात एचआयव्ही आहे हे असे कळले.

या गोष्टीतला एक भाग आम्हांला बोचतो, तो लपवू नये. त्या स्त्रियांना हे रक्त कशासाठी घेतात हे सांगितले गेले नव्हते. सुधारगृहात कोंडलेल्या, निरक्षर बायका. त्यांना कोण विचारणार? आज असे करता येत नाही. कशाची तपासणी आहे, औषध कोणते, धोका काय, मनात नसेल तर केव्हाही बाहेर पडता येईल, हे सारे माणसाला त्याच्या भाषेत समजावून त्याची संमती घेतल्याशिवाय संशोधनाला सुरुवातच होत नाही. हा बदल औषधाच्या शोधाइतकाच मोठा आहे असे आम्हांला वाटते. या मुद्द्याकडे आपण पुन्हा येऊ.

डॉ. सुनीती सॉलोमन शोध लावून थांबल्या नाहीत. बाधित माणसाला दवाखान्यातलेच लोक हात लावत नाहीत, घरचे लोक दाराबाहेर ठेवतात, हे त्या पाहत होत्या. १९९३ मध्ये त्यांनी चेन्नईत एक केंद्र काढले. नाव दिले वडिलांचे : वाय. आर. गायतोंडे सेंटर फॉर एड्स रिसर्च अँड एज्युकेशन. लोक त्याला वायआरजी केअर म्हणतात. उपचार, समुपदेशन आणि संशोधन एकाच ठिकाणी चालावे ही त्यामागची कल्पना होती. त्यांचे चिरंजीव डॉ. सुनील सॉलोमन अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात याच विषयावर काम करतात. २८ जुलै २०१५ रोजी सुनीतीबाईंचे चेन्नईत निधन झाले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता आमच्या वर्गातली मुलगी. ती आता तिशीत आहे, आणि तिच्या परवानगीनेच आम्ही हे लिहीत आहोत. नाव आणि गाव लिहिणार नाही. वाचकांनीही ओळखण्याचा प्रयत्न करू नये, ही विनंती.

नागपूर ते हैदराबाद हा मोठा रस्ता आपल्या जिल्ह्यातून जातो. आज त्याला राष्ट्रीय महामार्ग ४४ म्हणतात, तेव्हा तो ७ नंबरचा होता. या रस्त्याने आपल्याला पुष्कळ दिले. आपला कापूस याच रस्त्याने गेला, आपली मुले याच रस्त्याने शिकायला आणि नोकरीला गेली. तिचे वडील ट्रकवर होते. २००२ मध्ये ते वारले. काय झाले होते विचारले तर घरचे म्हणत, "कावीळ." दुसऱ्या वर्षी आई गेली. तेव्हा मात्र गावात कुजबुज सुरू झाली. मुलगी आठ वर्षांची. आजीने तिला आमच्या शाळेत घातले.

महिनाभरात काही पालक शाळेत आले. रागावलेले नव्हते, भ्यालेले होते. एकजण म्हणाले, "सर, त्या पोरीले येगळी बसवा. आमचीबी लेकरं हायेत." दुसरे म्हणाले, "बाई, खिचडी एकाच गंजातली खातात पोरं. काही झालं तर?" त्याच वर्षी शाळेत मध्यान्ह भोजन सुरू झाले होते. पोरे एका ओळीत बसत, एका माठातले पाणी पीत.

आम्ही दोघांनी त्यांना बसवून घेतले. आम्हांला जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले. हा रोग शिवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका माठातले पाणी प्यायल्याने, एका बाकावर बसल्याने, डास चावल्याने होत नाही. तो चार वाटांनीच येतो : शरीरसंबंधातून, बाधित रक्त चढवल्याने, एकाची वापरलेली सुई दुसऱ्याला टोचल्याने, आणि बाधित आईकडून पोटातल्या किंवा अंगावर पिणाऱ्या बाळाला. मान डोलावून ते गेले. तरी दुसऱ्या दिवशी आठ मुले शाळेत आली नाहीत.

मग आरोग्य खात्यातल्या एका बाईंना बोलावले. त्यांनी मराठीत, सगळ्यांना कळेल असे सांगितले. त्या दिवसापासून आम्हीही दुपारी त्या पोरीच्या शेजारी बसून तीच खिचडी खाऊ लागलो. दोन आठवड्यांनी सहा मुले परत आली. दोघांना त्यांच्या घरच्यांनी दुसऱ्या शाळेत घातले. आम्ही काही मोठे केले असे आम्हांला वाटत नाही. शाळा सर्वांची आहे एवढेच आम्ही धरून बसलो.

अवघड प्रश्न आजीचा होता. ती एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "सर, पोर वाचते का?"

२००३ मध्ये या प्रश्नाचे आमच्याकडे उत्तर नव्हते. औषधे निघाली होती. तीन औषधे एकत्र घेतली तर विषाणू दबतो, हे १९९६ पासून जगाला ठाऊक होते. पण श्रीमंत देशांत त्यांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे जाई. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने हीच औषधे गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली आणि साऱ्या जगातल्या किमती खाली आल्या. तरी कापूस वेचणाऱ्या म्हातारीला ३५० डॉलरही कुठून आणायचे? १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या सहा राज्यांत आंध्र प्रदेशही होता. लहान मुलांसाठीचा खास कार्यक्रम २००६ च्या अखेरीस सुरू झाला. २००७ च्या सुरुवातीला, बारा वर्षांची असताना, आमच्या पोरीला पहिली गोळी मिळाली.

गोळी आली ती सरकारी कपाटातून. पण ती कोणाला, केव्हा, किती द्यायची हे कपाट सांगत नाही. ते संशोधनातून कळते. त्याचे पुण्याचे उदाहरण सांगतो.

पुणे स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयाची दगडी इमारत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला लागूनच आहे. या महाविद्यालयाने आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने मिळून तिथे एक संशोधन केंद्र चालवले आहे. एचआयव्ही, क्षयरोग आणि इतर संसर्गजन्य रोग हे त्याचे विषय. पुण्यातच भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली, अलीकडे तिचे नाव बदलले आहे. एवढी मोठी कामे जिथे चालतात तिथले रोगी मात्र आपल्यासारखेच असतात. कोणी शेतमजूर, कोणी बांधकामावरची, कोणी रिक्षावाल्याची बायको.

ससूनमध्ये बाळंतपणाला येणाऱ्या बाधित मातांचा प्रश्न होता. काहीच उपचार न झाल्यास बाधित आईच्या १०० बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. नेव्हिरापीन नावाच्या औषधाचा एक डोस आईला कळा सुरू झाल्यावर आणि एक बाळाला जन्मल्यावर दिला तर धोका बराच कमी होतो, हे १९९९ मध्ये युगांडात सिद्ध झाले होते. पण पुढे काय? बाळ आईच्या अंगावर पिणार, आणि दुधातूनही विषाणू जातो. वरचे दूध द्या म्हणणे सोपे आहे. गरिबाघरी स्वच्छ पाणी नसते, बाटली उकळायला जळण नसते. अशा घरात वरच्या दुधाने बाळ हगवणीने दगावते. दूध पाजावे तर हा धोका, न पाजावे तर तो. आईने करावे काय?

पुणे, युगांडा आणि इथिओपिया इथल्या संशोधकांनी हाच प्रश्न घेतला. दोन हजारांच्या आसपास बाळे यात होती. निम्म्यांना नेहमीचा एकच डोस. निम्म्यांना त्यानंतर रोज थोडे थोडे औषध, सहा आठवड्यांपर्यंत. जन्मतः लागण नसलेल्या बाळांपैकी सहा आठवड्यांच्या सुमारास पहिल्या गटात ५.३ टक्के बाळांना लागण झाली होती, दुसऱ्या गटात २.५ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी. मात्र सहा महिन्यांनी दोन्ही गटांतला फरक पुसट झाला, कारण औषध थांबले होते आणि दूध चालू होते. २००८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे सारे प्रसिद्ध झाले, यश आणि अपुरेपणा दोन्ही. त्यावरून आणि इतर देशांतल्या अशाच अभ्यासांवरून शहाणपण आले, की दूध चालू आहे तोवर औषधाचे संरक्षणही चालू हवे. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसा सल्ला दिला. २०१४ पासून आपल्या देशात बाधित गरोदर स्त्रीला लगेच औषध सुरू करतात आणि ते जन्मभर चालते.

दुसरा अभ्यास जोडप्यांचा. नवराबायकोपैकी एकाला लागण आहे, दुसऱ्याला नाही, अशी १७६३ जोडपी नऊ देशांतून घेतली. भारतात हे काम पुण्याला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत आणि चेन्नईला वायआरजी केअरमध्ये झाले. तेव्हा रिवाज असा होता, की प्रतिकारशक्ती बरीच खाली आल्यावरच औषध सुरू करायचे. या अभ्यासात निम्म्या जोडप्यांतील बाधित व्यक्तीला लगेच औषध दिले, निम्म्यांना रिवाजाप्रमाणे नंतर. सर्वांना समुपदेशन आणि निरोध दिले होतेच. २०११ च्या मे महिन्यात निकाल जाहीर झाला. जोडीदाराकडूनच लागण झाली असे २८ जण सापडले. त्यांपैकी २७ उशिरा औषध सुरू केलेल्या गटातले होते, लगेच औषध मिळालेल्या गटातला फक्त एक. लवकर घेतलेले औषध रोग्याला तर वाचवतेच, शिवाय त्याच्या जोडीदारालाही वाचवते, हे पहिल्यांदा एवढ्या ठामपणे कळले. 'सायन्स' या नियतकालिकाने त्या वर्षीचा सर्वांत मोठा शोध म्हणून याला मान दिला. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की रोग कळला की औषध सुरू करा, थांबू नका. भारताने २०१७ मध्ये ते स्वीकारले.

एचआयव्हीच्या जोडीने क्षयही येतो. प्रतिकारशक्ती ढासळली की दडून बसलेला क्षय डोके वर काढतो. तो होऊ नये म्हणून आयसोनियाझिड हे औषध देतात. बाधित स्त्री गरोदर असतानाच ते सुरू करावे की बाळंतपणानंतर? पुण्यासह आठ देशांत हे तपासले. औषध आधी दिलेले बरे, असे कोणालाही वाटेल. २०१९ मध्ये निकाल आला तो उलटा. गरोदरपणी सुरू केलेल्या गटात बाळांच्या बाबतीत वाईट घटना जास्त दिसल्या. 'वाटते' आणि 'तपासले' यांत किती अंतर असते ते यावरून कळेल. १९८६ मध्येही साऱ्या देशाला वाटतच होते.

वाचकहो, या सगळ्या आकड्यांमागे माणसे आहेत. १७६३ जोडपी म्हणजे ३५२६ माणसे. त्यांतल्या प्रत्येकाने आपल्या जोडीदारापुढे आपला रोग मान्य केला, वर्षानुवर्षे ठरल्या दिवशी दवाखान्यात हजेरी लावली, रक्त दिले. त्यांची नावे कुठे छापली नाहीत आणि छापूही नयेत. विद्यापीठ परदेशातले असेल, यंत्रे लाखांची असतील, पण "बाई, तुमच्या बाळाला हे औषध देऊन पाहायचे आहे, चालेल का?" हा प्रश्न शेवटी आईला तिच्या भाषेतच विचारावा लागतो. तिला तो नीट समजला तरच तिच्या 'हो'ला अर्थ.

इथे आपल्या शाळांचे काम येते. आपल्या जिल्ह्यात दवाखान्यातला कागद तेलुगूत असतो, डॉक्टर तेलुगू किंवा इंग्रजी बोलतात. बेला, जैनद, तामसीकडची आपली म्हातारी माणसे मान हलवतात आणि औषधाची पुडी घेऊन घरी येतात. कसे घ्यायचे ते त्यांना कळलेले नसते. आमचे कितीतरी जुने विद्यार्थी मराठी, तेलुगू, हिंदी सहज बोलतात. काही आज नर्स आहेत, काही औषधांच्या दुकानात, काही प्रयोगशाळेत. शेजारच्या काकूला तिचा कागद समजावून सांगणे हे लहान काम नाही. मराठी शाळेत शिकून काय मिळाले असे कोणी विचारले तर हे एक उत्तर सांगावे. आणि ज्याचा कागद वाचला त्याची गोष्ट आपल्या पोटात ठेवावी, चावडीवर नेऊ नये.

आमची विद्यार्थिनी दहावी झाली, पुढेही शिकली, नोकरीला लागली. लग्नाआधी तिने मुलाला सर्व सांगितले. दोघे मिळून समुपदेशकाकडे गेले. तिची गोळी कधी चुकली नाही. तिच्या रक्तातला विषाणू आता मोजण्याइतकाही सापडत नाही, आणि अशा माणसाकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आता पक्के झाले आहे. तिला मूल झाले तेव्हा त्या बाळाला सहा आठवडे औषध पाजले. ठरल्या वेळी त्याच्या तपासण्या झाल्या. अठरा महिन्यांच्या शेवटच्या तपासणीचा कागद घेऊन ती आमच्याकडे आली. बाळाला लागण नव्हती. आजी तेव्हा राहिली नव्हती. तिच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या ओट्यावर दुडदुडत होते.

एवढे सगळे चांगले झाले, मग आता लिहायचे कारण काय? कारण असे, की आमच्या ओळखीतला एक तरुण हेच औषध घेण्यासाठी रात्रीच्या गाडीने दूर दुसऱ्या जिल्ह्यात जात असे. जवळच्या दवाखान्यात ते मोफत मिळते. पण तिथे कोणी ओळखीचे दिसेल, गावात कळेल, बहिणीचे लग्न मोडेल, ही भीती. कापसाचा हंगाम आला की जाणे लांबते. गोळ्या संपतात. महिना जातो, दोन जातात. गोळ्या सोडल्या की विषाणू पुन्हा वाढतो, आणि अर्धवट घेतल्या तर औषधाला दादही देईनासा होतो. तो तरुण मागच्या पावसाळ्यात गेला. त्याच्या आजारावर औषध होते. ते मोफत होते. ते त्याच्या घराजवळ होते. पुणे आणि चेन्नईचे संशोधन त्याच्या गावाच्या वेशीपर्यंत आले होते. आत मात्र येऊ शकले नाही. त्याला विषाणूने मारले की आपल्या कुजबुजीने, हे आम्हांला सांगता येत नाही.

भारतात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. 'आपल्याकडे नाही' असे म्हणण्याची सोय १९८६ मध्येच संपली. आता कायदाही आहे. २०१७ मध्ये संसदेने एचआयव्ही आणि एड्सविषयीचा कायदा केला, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. बाधित आहे म्हणून कोणाला शाळेतून, नोकरीतून, दवाखान्यातून दूर करता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. एखाद्याचा रोग त्याला न विचारता दुसऱ्याला सांगता येत नाही. २००३ मध्ये आमच्या हाती हा कायदा असता तर त्या पालकांना सांगायला आम्हांला बळ आले असते.

पालकांना आमची एवढीच विनंती. घरात कोणी गरोदर असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच सरकारी दवाखान्यात तिची तपासणी करून घ्या, आणि नवऱ्यालाही बरोबर न्या. कोणाला शंका असेल तर आदिलाबादला रिम्समध्ये किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात समुपदेशन आणि तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहते. बोलायला संकोच वाटत असेल तर १०९७ या क्रमांकावर फोन करा, त्याला पैसे पडत नाहीत. आणि या वर्षीची फेरी निघेल तेव्हा मुलांना घोषणांच्या आधी ते चार मार्ग पाठ करून घ्या, आणि कशाने हा रोग होत नाही तेही. घरी जाऊन ते आपल्या आजीला सांगतील. आमचा अनुभव आहे, आजी एकदा समजली की सारे घर समजते.